आर्वोच्या शर्टाच्या दोन चिंध्या

आर्वो निएमेलाने बापाची रायफल स्वतःच्या हातांनी दुकानात नेऊन दिली, आणि तेही मित्राच्या, रेनो हाकालाच्या, सांगण्यावरून. कॅनडाच्या सीमेलगत आमच्या मोठ्या तळ्याकाठच्या गावांत ही गोष्ट अजून कोणी विसरलेलं नाही.

ती रायफल बोल्टची होती. एक गोळी झाडली की बोल्ट हाताने मागे ओढायचा, पुढे लोटायचा, खाली पाडायचा, तेव्हा कुठे दुसरी गोळी भरणार. आर्वोचा बाप फिनलंडहून आला, तांब्याच्या खाणीत उतरला आणि पहिल्या हिवाळ्याच्या मजुरीत त्याने ती घेतली. पुढे एकदा बोल्टची मूठ मोडली, ती त्याने खाणीच्या भट्टीत स्वतःच जोडली. जोड थोडा तिरका बसला. त्यामुळे बोल्ट बंद करताना आधी 'खट्' व्हायचं आणि श्वासभर थांबून बारीकसं 'टिक्'. असा दुहेरी आवाज साऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या रायफलीला नव्हता. रेनो वीस वर्षं म्हणत आला होता, "लेका, मरशील तेव्हा ही माझ्या नावाने ठेव." आर्वो म्हणायचा, "आधी तू मर, मग विचार करतो."

आर्वो आणि रेनो लाकडाच्या गिरणीत एकाच करवतीवर राबले. दर नोव्हेंबरात दलदलीपलीकडच्या फळकुटांच्या खोपटात दोघांचा शिकारीचा मुक्काम असे. तिसरा क्लॅरेन्स. तो शाळेची बस चालवायचा आणि मुक्कामात स्वयंपाक करायचा. तिथला कायदा एकच होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव, काय चुकलं आणि किती अंतरावरून ते लिहायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आणि भिंतीला ठोकायचं. क्लॅरेन्सच्या एकोणीस चिंध्या होत्या. तो शिकारीला जुनाच शर्ट घालून येई. रेनोच्या सात. एकतीस वर्षांत आर्वोची एकही नव्हती, आणि हे तो दर वर्षी जेवताना एकदा तरी बोलून दाखवायचाच.

मग एका मार्चमध्ये साउनाच्या, म्हणजे घरामागच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छपरावरचा बर्फ ओढताना आर्वो खाली पडला. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली नाही तोच रेनोने सुरुवात केली.

"आता तो बोल्ट सोड. सेमी-ऑटोमॅटिक घे. घोडा दाबला की पुढची गोळी आपोआप भरते. खांद्याला धक्काही कमी."

"मला दुसरी गोळी लागते कधी?"

"आजवर नाही लागली. आता खांद्याला विचार. तू बोल्ट ओढेपर्यंत हरीण कॅनडात पोचेल."

"आणि थंडीत अडकली तर?"

"तुझा खांदा अडकतो, ते चालतं होय रे?"

सारा उन्हाळा हेच. दर शनिवारी साउनात, मासे धरताना, चर्चच्या पायऱ्यांवर. शेवटी एका रात्री साउनात आर्वोची बायको लेम्पी म्हणाली, "हा रेनो स्वतः कसली वापरतो?"

"बोल्टची."

"मग?"

"त्याचा खांदा धड आहे."

लेम्पीने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं.

सप्टेंबरात रेनोच त्याला गाडीत घालून दुकानात घेऊन गेला. जुनी दिली, नवी घेतली. बदल्यात आलेल्या बंदुका दुकानदार समोरच्या फळीवर चिठ्ठी बांधून मांडायचा, पण बापाची रायफल त्याने पडद्यामागे नेली. आर्वोने ते पाहिलं. त्याला वाटलं, माणूस चांगला आहे, माझ्यादेखत मांडायला संकोचला. रेनो एरवी दुकानात गप्पांनी डोकं उठवायचा. त्या दिवशी मात्र तो मोज्यांचे भाव वाचत उभा होता.

नोव्हेंबर आला. खोपटात बंदुका कधीच आत आणत नाहीत. उबेत लोखंडाला घाम येतो आणि पहाटे त्याचा बर्फ होतो, म्हणून साऱ्या बाहेर पडवीतल्या खुंट्यांवर. त्या संध्याकाळी रेनोची खुंटी रिकामी होती. "पेटीत आहे, गाडीत," तो म्हणाला. आर्वोने आपल्या नव्या रायफलीला तेल दिलं. बाप द्यायचा तसंच, सढळ हाताने. बोल्टच्या रायफलीला ते चालतं, कारण तेल कितीही घट्ट झालं तरी माणसाचा हात बोल्ट लोटतो. या नवीला लोटायला हात नव्हता. इतकी वर्षं बंदुका वापरलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही.

सकाळी आडव्या पडलेल्या देवदाराशी आठ टोकांच्या शिंगांचा नर आला. आर्वोने घोडा दाबला. मध्ये एक डहाळी आली, गोळी वर गेली, नराच्या पाठीवरचे चार केस उडाले. त्याने पुन्हा दाबला. काही नाही. थिजलेल्या तुपात चमचा रुतावा तसा आतला बोल्ट अर्ध्यावर रुतला होता. नर दलदल ओलांडून पळाला, तो थेट दोनशे पावलांवरच्या रेनोच्या टेकाडाकडे. तिकडून एक बार झाला. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत आलं, खट्.

आर्वोने श्वास रोखला.

टिक्.

तो तिथेच बसला. खिशातून लेम्पीने दिलेली पास्टी, मांस-बटाट्याची भाजलेली करंजी, काढली आणि गारठलेली तशीच खाल्ली. भूक नव्हती, दातांना काहीतरी काम हवं होतं. खाता खाता पडदा आठवला, मोज्यांचे भाव आठवले, खांद्याला विचार म्हणणारा तो काळजीचा सूर आठवला.

दुपारी नर खांबाला लटकला होता आणि क्लॅरेन्स दारात कात्री घेऊन उभा होता. "या, साहेब. एकतीस वर्षं ही तुमची वाट बघतेय. धार लावून लावून निम्मी झाली." आर्वो पाठमोरा झाला. क्लॅरेन्सने शर्टाचं अर्धं टोक कापलं. रेनोही हसला, पण शेगडीकडे बघून.

"रेनो," आर्वो म्हणाला, "ती बाहेर खुंटीला लाव. बंद पेटीत घाम धरेल. बाबाने तिला कधी गंज चढू दिला नाही."

क्लॅरेन्सची कात्री हवेतच राहिली.

"तू विकलीस," रेनो म्हणाला. "दुकानात आली, मी घेतली."

"दुकानात ती मांडलीच नव्हती."

रेनोने शेगडीत एक लाकूड सारलं. "वीस वर्षं मागतोय. कधी दिली असतीस?"

"नाही."

"मग मी काय करायचं होतं?"

"मागत राहायचं होतं."

रेनोने खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "घेऊन जा."

"नको. मी ती विकली. तुला विकली नव्हती, पण विकली. आणि खांदा खरंच दुखतो माझा, तेवढं तू खरं बोललास."

मग त्याने क्लॅरेन्सच्या हातून कात्री घेतली, शर्टाचं उरलेलं अर्धं टोक स्वतःच कापलं, पेन्सिलीने त्यावर लिहिलं आणि क्लॅरेन्सपुढे धरलं. नियमच होता, मोठ्याने वाचायचं. क्लॅरेन्सने वाचलं, "आर्वो निएमेला. काय चुकलं: रेनो हाकाला. अंतर: एक हात." त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, एकतीस वर्षं निरखून, अशी. ती मात्र क्लॅरेन्सने मनातच वाचली. दोन्ही चिंध्या आर्वोने शेजारी शेजारी ठोकल्या, आपल्या गाडीत बसला आणि निघाला.

घरी लेम्पीने त्याच्या शर्टाची पाठ पाहिली. "नेम चुकला?"

"दोन."

तिने साउना तापवायला घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने नवी रायफल रॉकेलने धुऊन कोरडी केली, आणि ती पुन्हा कधी अडकली नाही. आता तो घरामागच्या ओंडक्यावर एकटा बसतो आणि दर वर्षी एका गोळीत एक हरीण आणतो. आपोआप भरलेली दुसरी गोळी तशीच घरी परत येते.

रेनो अजून खोपटात जातो. त्याने एकदा क्लॅरेन्सला ती दुसरी चिंधी काढायला सांगितलं. क्लॅरेन्स म्हणाला, "ज्याची चिंधी, त्यानेच काढायची. बोलाव त्याला." रेनोने बोलावलं नाही. त्याचा पलंग त्याच भिंतीसमोर आहे, आणि तो दुसरीकडे हलवायला खोपटात जागा नाही.