पंधराशेवरचं भांडण

खरखरसाहेबांचं सारं आयुष्य लोकांच्या घरातला गंज शोधण्यात गेलं. खोटं वाटेल, पण सरकारात अशी नोकरी असते. कुणाच्या रेडिओवर नको तिथे नको तो आवाज आला की तक्रार यायची. मग साहेब खांद्याला पेटी, कानाला हेडफोन आणि हातात चौकोनी एरियल घेऊन गल्ल्या पालथ्या घालायचे. नाव त्यांना आईबापांनी चांगलं ठेवलं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतंच उरलं होतं.

आता गंजाचा आणि रेडिओचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. साहेबांच्या बहिणीनं, अक्कानंही विचारलं होतं. तर हवेत दोन स्टेशनं सुखानं चाललेली असतात, एक सहाशे किलोहर्ट्झवर, दुसरं नऊशेवर. घट्ट, स्वच्छ लोखंडात दोन्ही शिरली तरी एकमेकांच्या अध्यात ना मध्यात, तशीच निघून जातात. पण सांधा गंजलेला असला की तिथे दोघांची सरमिसळ होते, आकड्यांची बेरीज होते आणि पंधराशेवर तिसरंच स्टेशन उभं राहतं. त्याला ना स्टुडिओ ना परवाना, पण दोन्हीकडचे आवाज त्यात एकदम ऐकू येतात. असली एकशे चौदा स्टेशनं साहेबांनी आजवर बंद केली होती. एक फाटकाच्या बिजागरीत सापडलं, एक शाळेच्या घंटेच्या साखळीत, आणि एक दंतवैद्याच्या खुर्चीखाली. दंतवैद्यानं खुर्ची बदलायला तीन महिने लावले, त्याचा राग साहेबांच्या मनात अजून होता.

घरी साहेब आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. साहेबांनी लग्न केलं नाही. भाऊजी गेले, तशी वर्षभरापूर्वी अक्का त्यांच्याकडे राहायला आली. आल्यापासून ती फार गप्प असायची आणि साहेबांच्या जिवाला ते लागायचं. एरवी माणूस बोलण्यात कमी, पण ऐकण्यात पक्का. अक्का काही बोलली की हातातलं काम ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे, मग "हं" म्हणायचे. यापरतं प्रेम कसं करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग एकदा एका निवृत्त प्राध्यापकांची तक्रार आली. रोज सकाळी अकराला पंधराशेवर बासरी लागते, ती डोळे मिटून ऐकावी, तर मधेच एक बाई "गुडघे वाकवा" म्हणते आणि एक पुरुष बातम्या सांगतो. बासरीचा पार चिवडा होतो, असं त्यांनी लिहिलं होतं.

साहेब निघाले. आवाज वाढेल तिकडे पाय वळवायचा, एवढंच काम. पोस्टापाशी वळले, लाँड्रीपाशी वळले, शिंप्याच्या दुकानावरून डावीकडे गेले. आवाज वाढत वाढत इतका वाढला की त्यांनी हेडफोन काढले आणि वर बघितलं. समोर त्यांचीच गॅलरी होती. गॅलरीच्या कठड्याला पावसाच्या पाण्याचा नळ टेकला होता, टेकला होता तिथे भाकरीएवढा गंज चढला होता, आणि त्या गंजावर कोपर टेकून अक्का बसली होती. शेजारी स्टुलावर छोटा रेडिओ.

नियम असा की अधिकाऱ्यानं घंटी वाजवून ओळख द्यावी. साहेबांनी स्वतःच्या घराची घंटी वाजवली.

"किल्ली विसरलास का रे बाळ?" अक्कानं दार उघडलं.

"मी रेडिओ तपासणी खात्याकडून आलो आहे," साहेब म्हणाले. "आपल्या घरातून विनापरवाना प्रसारण चालू आहे. घरमालक आहेत का?"

"घरमालक सकाळी डबा न घेता गेलाय," अक्का म्हणाली. "आत ये, चहा टाकते."

नोटिशीवर अधिकारी आणि घरमालक, दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या एकसारख्या दिसल्या तर कागद परत येतो. साहेबांनी घरमालकाची सही डाव्या हातानं केली. मुदत सात दिवस. एवढं झाल्यावर ते भाऊ झाले आणि विचारलं, "अक्का, तू हे ऐकतेस कशाला?"

अक्कानं कठड्यावर कोपर दाबलं. आवाज स्वच्छ झाला.

"हा प्रस्ताव फेटाळण्यात आला आहे," पुरुष म्हणाला.

"पुन्हा एकदा," बाई म्हणाली. "कुणीही घाई करू नका."

"भूमिकेत कोणताही बदल होणार नाही—"

"कंबर सैल सोडा."

अक्का हसली. वर्षभरात साहेबांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "अगदी आमचं घर बघ," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ते त्यांचं सांगायचे, मी माझं सांगायचे. एकाच वेळी. कोण थांबतंय? हे लागलं की घरात माणसं आहेत असं वाटतं."

"मी आहे की," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"तू आहेस रे. पण तू ऐकून घेतोस. ऐकून घेणाऱ्यापुढे दोन वाक्यांत बोलणं संपतं. मग पुढे काय?"

साहेबांनी ऑफिसात जाऊन हेडक्लार्कला विचारलं, मुदत वाढते का? "घरमालकानं अर्ज करावा, अधिकाऱ्यानं शिफारस करावी," हेडक्लार्क म्हणाला. साहेबांनी दोन्ही केलं. अर्जाचा निर्णयही त्यांच्याच टेबलावर आला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाला मुदत वाढवून दिली नव्हती, दंतवैद्यालाही नाही. जड हातानं त्यांनी स्वतःचा अर्ज नामंजूर केला.

आठव्या दिवशी त्यांनी नळ बाजूला सारला, गंज खरवडला, दोन हात रंग दिला. पंधराशेवर बासरी नितळ वाजू लागली. अक्कानं रेडिओ बंद केला. रागावली नाही, रडली नाही. "तुझं काम आहे बाबा," एवढंच म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. अकरा वाजता अक्का सवयीनं गॅलरीत जाऊन बसली. साहेबही खुर्ची घेऊन गेले.

"समोरच्यांनी पडदे बदलले वाटतं," अक्का म्हणाली.

साहेबांनी "हं" गिळला. "आमच्या त्या दंतवैद्यानं," ते मोठ्यानं म्हणाले, "खुर्ची बदलायला तीन महिने—"

अक्का पुढचं बोलता बोलता थांबली. तेही थांबले. पुन्हा दोघं एकदम सुरू झाले, पुन्हा एकदम थांबले.

"बोल, तुझं आधी," ती म्हणाली.

"नाही," साहेब म्हणाले. "तीन महिने लावले त्यानं. मी चार नोटिसा दिल्या—"

"जुने पडदे चांगले होते की, हा काय रंग—"

"आणि तो मला म्हणतो, आधी तोंड उघडा—"

"धुतल्यावर बघ, निम्मा जाईल, मी तर सांगणार आहे तिला—"

"मी म्हटलं, माझे दात बघायला नाही आलो—"

"अरे, माझं कधी कुणी ऐकून घेतलंय का या घरात!" अक्का ओरडली, आणि खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ आली.

साहेब बोलतच राहिले.