खोलीत नसलेल्या माणसाची नाडी

मी एकदा खोलीत नसलेल्या माणसाची नाडी मोजली आहे. अठ्ठ्याहत्तर भरली. वेळ टाकली, १४०० अवर्स, म्हणजे दुपारचे दोन. खाली सही केली. सही फार सुंदर आली होती.

तेव्हा मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. वय सव्वीस. कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म, दोन्ही खांद्यांवर दोन-दोन तारे, आणि खांद्यांच्या मधोमध, जिथे माणसाचं डोकं असतं, तिथे हिंगण्याच्या रस्त्याला विकायला ठेवतात तसा रिकामा प्लॉट.

आज मी मेजर, निवृत्त. दोन नातींची आजी. राहणार धरमपेठ, नागपूर. सकाळी बागेत जाते. चालते कमी, बाकांवरचे वाद जास्त ऐकते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की दहशतवादाचा संशयित हाती लागला तर त्याला मारून बोलता करायची परवानगी सरकारने कायद्यानेच द्यावी.

"चोरून कशाला? नियमात करा. बाजूला डॉक्टर ठेवा, नर्स ठेवा, सगळं रेकॉर्डवर ठेवा. दोन ठेवून दिल्या की सगळे बोलतात."

"सगळे बोलतात, हेच तर दुखणं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही फौजेतल्या असून असं बोलता?"

"फौजेतली आहे म्हणूनच बोलते. तुम्ही ठेवायला निघालात ती नर्स मीच होते."

गृहस्थांना एकदम प्राणायाम आठवला. मी घरी आले आणि लिहायला बसले.

पस्तीसेक वर्षं झाली. उत्तरेकडच्या डोंगरात आमचं लहान हॉस्पिटल होतं. महिना फेब्रुवारी. माझ्याकडे सर्जिकल वॉर्ड, बावीस खाटा, आणि टोकाला एक साइड रूम. साइड रूमला गार्ड असायचा. तिथे त्या आठवड्यात एक संशयित होता. विशीतला. पकडताना मांडीला गोळी लागलेली. तो खरंच त्यांच्यातला होता की नव्हता, मला आजही माहीत नाही.

दर चार तासांनी प्रत्येक पेशंटचं टेम्परेचर, नाडी आणि श्वास मोजून खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या चार्टवर लिहायचे. बावीस पेशंट, दोन सिस्टर. म्हणून आमच्यात एक पद्धत होती. कोणी शिकवली नाही, सगळ्यांना येत होती. पेशंट स्थिर असेल तर दुपारी बारालाच १४०० आणि १८०० चे आकडे भरून टाकायचे. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, असे सभ्य आकडे. वरून इन्स्पेक्शन आलं तर एकही चौकोन रिकामा दिसायचा नाही.

त्या दिवशी गार्डवर नायक देवराव होता. काटोलजवळच्या गावचा. घरी संत्र्याची चार एकर बाग. मी नागपूरची कळल्यापासून तो माझ्याशी हिंदी बोलायचाच नाही. साइड रूमचा चार्ट मी एकदम भरताना त्याने पाहिलं.

"मॅडम, काहून एवढी घाई? अजून बाराच वाजून राहिले. तुम्ही तं संध्याकायची नाडी लिहून टाकली."

"तू गार्ड आहेस ना? दाराकडे बघ."

"पाहून राहिलो ना. म्हटलं, हातासरशी माही सुट्टीही सँक्शन करून टाका. सोमवारपासून. येताना मृगाची संत्री आणतो तुमच्यासाठी. अठ्ठ्याहत्तर आणू का ऐंशी?"

मी हसले. चार्ट खाटेला टांगला.

१३२० ला इंटेलिजन्सचे एक मेजर चार जवानांसह आले. पेशंटला स्ट्रेचरवर घेतलं. मी विचारलं, कुठे? उत्तर मिळालं, "बातचीत." १८४० ला त्याला परत आणलं. दोन्ही तळपाय काळेनिळे होऊन सुजले होते. मांडीचे टाके उसवले होते. मी नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस. लिहायला चार्ट हातात घेतला. १८०० च्या चौकोनात माझ्याच अक्षरात अठ्ठ्याहत्तर होतं.

ड्रेसिंग करताना तो बोलला. मी विचारलं नव्हतं.

"सिस्टर, मैंने कोई जगह नहीं बताई. वो पूछते गए, स्कूल? मस्जिद? पनचक्की? पनचक्की पर मैंने हाँ कर दी. तब रुके."

पाणचक्की नाल्याच्या वर होती, कित्येक वर्षं बंद. मी बाहेर आले. देवरावची ड्यूटी संपत होती.

"सकाळी पाचले निघतो, मॅडम. आमचंच सेक्शन. वर पानचक्की हाय म्हणते, तिथं चार जण लपून हायेत."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी म्हटलं, "सांभाळून जा."

एवढीही गाढव नव्हते. १९१५ ला सीओ साहेबांच्या दारात उभी राहिले. हॉस्पिटलचे कमांडिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल, सर्जन, आपल्या साताऱ्याकडचे. कमी बोलायचे.

"सर, साइड रूमच्या पेशंटला मारलंय. पाणचक्कीचं नाव त्यांनीच घेतलं. त्याने फक्त हो म्हटलं."

"चार्ट."

मी दिला. त्यांनी चष्मा लावला.

"१४०० ला अठ्ठ्याहत्तर. १८०० ला अठ्ठ्याहत्तर. दोन्ही वेळा पेशंट खाटेवर. मग मारलं कधी?"

मी चार्टवरच्या माझ्या सहीकडे पाहिलं.

"सिस्टर, सकाळची सर्च पार्टी थांबवायची तर मला ब्रिगेडला फोन करावा लागेल. ते रेकॉर्ड मागतील. चार्ट खोटा आहे असं तुम्ही लिहून द्या. मी आत्ता फोन करतो."

समोर कोरा कागद होता. पेनही त्यांनीच पुढे केलं. लिहायच्या होत्या दोन ओळी. लेफ्टनंटबाईंच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं, ते नातींना सांगायची मला लाज वाटते. मार्चमध्ये कॅप्टनच्या बढतीचा रिपोर्ट जायचा होता. पुण्याची पोस्टिंग तोंडी कबूल झाली होती. खोटा चार्ट म्हणजे चार्जशीट. पुण्यात भाड्याने घ्यायच्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा बाईंनी ठरवला होता. पिस्ता.

"माझी समजण्यात चूक झाली, सर. पेशंट पडला असेल."

त्यांनी चष्मा काढला. चार्ट मला परत दिला. "यू मे गो."

सकाळी ०७४० ला ड्यूटी रूमचा वायरलेस सेट बोलला.

"वन कॅज्युअल्टी. माइन ब्लास्ट. प्रायॉरिटी वन. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

"नायक देवराव. ओव्हर."

पाणचक्की रिकामी होती. आत जुनं पीठ आणि उंदरांच्या लेंड्या. ती वाट आमची पार्टी कधी वापरत नसे. त्या वाटेवर कुणीतरी कधीकाळी पुरलेला सुरुंग होता. साइड रूममधल्या पोराला तो ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की पाणचक्कीला हो म्हटलं की मार थांबतो.

देवरावला ०८२५ ला आणलं. मी घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट नाडी मोजली. एकशे बेचाळीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजली. ०८५० नंतर लागली नाही. त्या दिवशीचे सगळे आकडे खरे आहेत.

१००० ला त्या पोराला पुन्हा नेलं. या वेळी कारण वेगळं होतं. फौजेला फसवलं म्हणून. परत आणल्यावर मी चार्ट प्रामाणिकपणे भरला. नाडी एकशे छत्तीस, तळपाय, टाके, सगळं लिहिलं. दोन दिवसांनी ते पान फाइलमध्ये नव्हतं. आदल्या दिवसाचं, अठ्ठ्याहत्तरचं, मात्र जागेवर होतं. त्याच आठवड्यात पोराला दुसरीकडे हलवलं. कुठे, ते कळलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला एकच प्रश्न.

"ही सही तुमची?"

"होय, सर."

निष्कर्ष असा निघाला, की संशयिताला कुणी हात लावलेला नाही. त्याने स्वतःहून खोटी माहिती देऊन पार्टीला सुरुंगावर नेलं. माझ्या वार्षिक रिपोर्टमध्ये शेरा आला, रेकॉर्ड उत्तम ठेवते. एप्रिलमध्ये मी कॅप्टन झाले. पडदे पिस्ता रंगाचेच घेतले.

म्हणून बागेतल्या त्या गृहस्थांना माझं सांगणं आहे. तुमचा कायदा होईल, नियम होतील, फॉर्म छापले जातील. फॉर्मच्या तळाशी सहीची जागा असेल. तिथे माझ्यासारखीच कोणी बसलेली असेल. चांगल्या घरची, मन लावून काम करणारी. रेकॉर्ड ती ठेवेलच. चौकोन एकही रिकामा सोडणार नाही.

देवरावच्या बायकोचं नाव सिंधू. तिला सांगायला मी गेल्या हिवाळ्यात गेले. त्याआधी दोनदा काटोलची बस धरली होती आणि दोन्ही वेळा स्टँडवर चहा पिऊन परत आले होते. तिसऱ्यांदा चहा घेतला नाही. घर विचारत गेले. सिंधूताई अंगणात कॅरेटमध्ये संत्री भरत होत्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, दिसत होत्या मोठ्या. आत भिंतीवर युनिफॉर्ममधला देवराव, ताज्या हाराचा. मिशी माझ्या आठवणीपेक्षा बारीक होती. सोमवारपासून सुट्टी होती त्याची.

मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. चार्ट, पाणचक्की, कोरा कागद. पडद्यांचंही सांगितलं.  त्या हातातलं संत्रं पुसत राहिल्या. मग ते कॅरेटमध्ये नीट ठेवलं आणि म्हणाल्या,

"युनिटच्या सायबानं सांगतलं होतं का त्या पोरानं फसवून नेलं. थ्या पोराले मी इतकी वरसं शिव्या देऊन राहिली, मॅडम. रोज सकायी. यायच्या फोटोले हार घातला का लगेच त्याच्या नावानं शिव्या. आता उद्या सकायी हार घातल्यावर मी कोनाले शिव्या देऊ, ते तुम्हीच सांगा."