भिंतीवरची उपाशी बाई

विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये मी केलेला एक वुडकट लावलाय. लाकडात कोरून काळ्या शाईने कागदावर छापलेली हाडकुळी म्हातारी, हातात रिकामी वाटी. शैली अभिव्यक्तिवादी, म्हणजे नाकडोळे कमी आणि दुःख जास्त. मी चित्रकला शिकवतो, त्यामुळे कोणी विचारलं नाही तरी समजावून सांगतो.

बहिणीला बघायला शिराळ्याकडची मंडळी येणार होती, त्या सकाळी वडील म्हणाले, "तेवढी म्हातारी आज उतरव." मुलगा सैन्यात, सुट्टीवर आलेला. दोघांचं फोनवर केव्हाच जमलं होतं. अडलं होतं ते त्याच्या आईच्या होकारावर, आणि त्या माउलीला आजवर एकही मुलगी पसंत पडली नव्हती. तरी मी चित्र उतरवलं नाही. पाहुण्यांसाठी कला उतरवायची म्हणजे काय!

पाहुणे आले. मुलाच्या मामांनी भिंतीकडे बघितलं, टोपी काढली आणि हात जोडले. चौकटीतला काळापांढरा चेहरा म्हणजे गेलेलं माणूस, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"कोन म्हनायच्या ह्या?" मुलाच्या आईने विचारलं.

"कोणी नाही, प्रतीक आहे," असं म्हणून मी सुटलोच. वाटी म्हणजे समाजाची भूक, काळी पार्श्वभूमी म्हणजे व्यवस्था, बोटं लांब कारण मागणं संपत नाही. बहीण पोह्यांचा ट्रे धरून माझ्याकडे डोळे वटारत होती.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "त्ये समदं खरं, सर. पर वाटी रिकामी का?"

"तिला उपाशी ठेवलंय."

"कुनी?"

"आपण सगळ्यांनी," मी गंभीरपणे म्हणालो. वडिलांनी कपाळाला हात लावला.

"आमी न्हाई ठिवलं," बाई म्हणाल्या. त्या उठल्या, आपली पोह्यांची बशी त्यांनी चित्राखालच्या टेबलावर ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि नमस्कार केला. मला हसू येणार होतं, पण एकदम भरूनच आलं. त्या म्हातारीवर मी इतकं बोललो होतो, पण तिला खायला घालायचं कोणाला सुचलं नव्हतं.

बहिणीचा चेहरा मात्र पार उतरला. स्थळ गेलं, असं आम्ही सगळे मनातल्या मनात समजून चुकलो.

मग बाई तिच्याजवळ गेल्या. तिचं बारीक मनगट हातात घेऊन त्यांनी दाबून बघितलं, एकदा भिंतीवरच्या म्हातारीकडे नजर टाकली आणि त्या वडिलांकडे वळल्या.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "पर आवं, लगीन लवकर उरका. हितं हिला लय दिस ठिवू नका."