शुक्रवारी बारा शिक्षिका रजेवर

शुक्रवारी सकाळी पावणेआठला मी इस्राएलमधल्या अश्दोदच्या आमच्या प्राथमिक शाळेच्या फाटकात उभा होतो. मुलं आत येत होती. शिक्षिका येत नव्हत्या.

शाळेचा मुख्याध्यापक होऊन मला नऊच दिवस झाले होते, तेही टेम्पररी. जुने साहेब रिटायर झाले आणि इन्स्पेक्टरांनी मला बसवलं. पंधरा शिक्षिकांत पुरुष मी एकटा, एवढंच माझं क्वालिफिकेशन. अकरा वर्षं डेप्युटी असलेल्या रिबकाबाईंनी अर्ज केला नव्हता. कारण अर्जाचा विषय निघाला तेव्हा मीच त्यांना मोठ्या मायेने म्हणालो होतो, "बाई, तुमच्या घरी तीन मुलं. नवरा पोर्टात शिफ्टवर. कशाला डोक्याला ताप?" त्या गप्प बसल्या. मी त्याला होकार समजलो.

तर वेळापत्रक. इथे शाळा रविवार ते शुक्रवार, आणि प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात एक दिवस मोकळा. तो कोणता, हे मुख्याध्यापक ठरवतो. मला लोकप्रिय व्हायचं होतं. ज्याला जो दिवस हवा तो दिला. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो; त्याचा स्वयंपाक दुपारपर्यंत उरकावा लागतो, त्यामुळे बारा जणींनी शुक्रवार मागितला. चिठ्ठ्या एकेक करून आल्या, मी एकेक करून सही केली. बेरीज केली नाही. मी गणिताचा मास्तर.

बारा वर्ग, तीन शिक्षिका आणि मी. शिवाय नऊला इन्स्पेक्टर येणार होते. मंगळवारच्या कमिटीत मला पर्मनंट करण्यापूर्वी त्यांना शाळा पाहायची होती.

मी धावत समोरच्या बिल्डिंगमध्ये गेलो. रिबकाबाईंनी दार उघडलं. हाताला पीठ.

"मास्तर, किती जणींना शुक्रवार दिलात?"

"बारा."

"मला धरून?"

"धरून."

त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि निघाल्या. दहा मिनिटांत मोठ्या वर्गांतली मुलं लहानग्यांच्या वर्गात वाचून दाखवायला गेली, चार वर्ग अंगणात झाडाखाली गाणी म्हणायला बसले आणि मला कवायतीला पाठवलं. इन्स्पेक्टर आले तेव्हा मी शिट्टी फुंकत होतो. त्यांनी सगळी शाळा पाहिली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ह्या बाईंचा अर्ज का नाही?

खोटं बोलायला दम उरला नव्हता. मीच नको म्हणालो होतो, असं सांगितलं.

त्यांनी बाईंचा अर्ज तिथल्या तिथे भरून घेतला. मंगळवारी कमिटीपुढे आम्ही दोघंही. एका गृहस्थांनी रिबकाबाईंना विचारलं, तीन मुलं सांभाळून शाळा कशी चालवाल?

"मास्तरांना चार आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांना काय विचारलंत?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला चहात साखर किती, एवढंच विचारलं होतं. मी तसं सांगितलं. आणि माझा अर्ज मागे घेतला. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. पुढचा शुक्रवार डोळ्यांसमोर दिसत होता.

रिबकाबाई मुख्याध्यापिका झाल्या. त्यांच्या वेळापत्रकात शुक्रवार पाळीपाळीने, तिघांना. माझी पाळी पाचव्या आठवड्यात आली. मी पेपर घेऊन गॅलरीत बसलो. बायकोने पेपर काढून घेतला आणि दोन किलो कांदे पुढ्यात ठेवले. मग मासळी, मग नारळ खोवणं, मग चार पोरांच्या आंघोळी. संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायची वेळ झाली तेव्हा माझी कंबर सरळ होत नव्हती.

तेव्हा कळलं, त्या बारा जणींनी माझ्याकडे सुट्टी मागितली नव्हती. दुसऱ्या नोकरीवर हजर व्हायला वेळ मागितला होता.

रविवारी चिठ्ठी घेऊन रिबकाबाईंकडे गेलो. म्हणालो, शुक्रवार नको, मला आपला मंगळवारच द्या.

"सगळ्यांना पाळी, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि सही केली नाही.