मागं कोण?

तळवलीचा गजाननभाऊ आयुष्यात कधी कुणाच्या पुढं चालला नाही. लग्नाची वरात असो, मयत असो, नाहीतर सुट्टीच्या शिबिराची पोरं खाडीवर निघालेली असोत, हा गडी आपला सगळ्यांच्या शेवटी. पांढरा सदरा, वर खोचलेलं धोतर आणि चपला हातात. पहिल्यांदा भेटला तेव्हाच मी विचारलं होतं, पुढारी तुम्ही, मग शेपटाला काय करता? तर म्हणाला, "पुढं चालनाऱ्याला रस्ता दिसतं. मागं चालनाऱ्याला पोरां दिसतान."

मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. साताऱ्याकडून येऊन मार्केटात पाठीवर पोती वाहिली, घणसोली गावात भाड्याच्या खोलीत संसार केला. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण भाऊवर दुसरा कुणी लिहील आणि चुकीचं लिहील, ते मला चालणार नाही.

नव्या शहरासाठी तळवलीच्या जमिनी गेल्या, शेतावर बिल्डिंगांचे सेक्टर उभे राहिले, तशी गावची पोरं आणि बिल्डिंगमधली पोरं एकमेकांना दगड मारायला लागली होती. भाऊनं त्यांना मे महिन्याच्या सुट्टीत धरून एका पंगतीला बसवलं. कबड्डी, तळ्यात पोहणं, जाळं विणणं, दुपारी जेवण. एवढंच ते शिबीर. मी त्यात शिरलो तेव्हाच ते जुनं झालं होतं. मी रजा टाकून खिचडी करायचो, आणि माझ्या खिचडीला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय. भाऊ मात्र दरवर्षी चिडवायचा, "सातारकर, तू घाटावरचा. मीठ टाकताना हात आखडतोस. आमच्याकडं मीठ पिकतं रे."

शेवटच्या दिवशी सगळी पोरं घेऊन खाडीतल्या जुन्या मिठागरावर जायचं, तिथं जेवायचं आणि भरतीच्या आत परतायचं, ही रीत. वाट बांधावरून. बांध अरुंद, दोन्ही अंगांना तिवरांची गच्च झाडी, आणि वळणं अशी की पुढच्याला मागचा दिसत नाही. सगळ्यांत पुढं मी, डोक्यावर पातेलं. डोक्यावर पातेलं असलं की मान वळत नाही. म्हणून प्रत्येक वळणाला मी ओरडायचं, "मागं कोण?" आणि शेवटून भाऊनं उत्तर द्यायचं, "मी हाय." तो आवाज आला की पुढं चालायचं.

पोरांनी तो आवाज उचलला होता. घोगरा, नाकातून निघणारा, शेवटी खोकल्यासारखा तुटणारा. शिबिरातलं लहानातलं लहान पोर भाऊची हुबेहूब नक्कल करायचं. सेक्टरमधल्या आया सांगायच्या, जेवायला हाक मारली की बाथरूममधून भाऊ उत्तर देतात. भाऊला याचा कोण अभिमान. "मी गेलो तरी आवाज काय मरत नाय," म्हणायचा. आम्ही हसायचो. आता ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो.

मग भाऊचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. आधी जाळ्याची गाठ चुकायला लागली, मग मला तो मेघनाबाई समजून बोलला. ह्या मेघनाबाई ऐरोलीच्या, शाळेत शिकवायच्या आणि काही वर्षं शिबिरात राबत होत्या. बाई हुशार आणि मेहनती. गावच्या बायकांना वहिनी-वहिनी करत त्यांनी आपलंसं केलं होतं. त्या वर्षी गावदेवीच्या देवळात गावकरी आणि सेक्टरचे पालक बसले आणि ठरलं, यापुढं शिबीर बाईंनी चालवायचं. भाऊ खांबाला टेकून ऐकत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो म्हणाला, देतो, पण शेवटच्या दिवशी देतो. मिठागरावरून येताना बाई मागं चालतील आणि मी पुढं. सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. बोलताना त्यानं हातातल्या चपला छातीशी घट्ट धरल्या होत्या.

तो दिवस अमावास्येचा. उधाण येणार हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जाताना मी पाहिलं, बांध मधेच खचला होता. शेतं होती तेव्हा अख्खं गाव मिळून बांध बांधून काढायचं. शेतं गेली, आता बांध कुणाचा? खचल्या जागी दगड सुटे झाले होते आणि खालून पाणी झिरपत होतं. वारा पडलेला. एक बगळा नाही. लहान लहान खेकडे चिखलातून वर बांधावर येऊन बसले होते, जसे काही कुणाची वाट बघतायत.

जेवणं झाली. निघायची वेळ झाली, पण भाऊ उठेना. पोरांना गोष्ट सांग, मग दुसरी सांग, मग म्हणे थोडा भात आण. बाई दोनदा म्हणाल्या, भाऊ, पाणी चढतंय. शेवटी त्यांनी त्याचा हात धरून उठवलं आणि म्हणाल्या, "चला, आज तुम्ही पुढं."

भाऊनं हात सोडवला. "आजचा दिस माझा हाय, बाय. उद्यापासून तुझा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. पण म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर काय बोलणार? त्या रांगेच्या मध्यावर गेल्या. मी पातेलं उचललं.

पहिल्या वळणाला मी ओरडलो, "मागं कोण?" उत्तर आलं, "मी हाय." खचली जागा ओलांडताना पाणी माझ्या घोट्याला लागलं. पुढच्या वळणाला ओरडलो. उत्तर आलं. त्याच्या पुढच्या वळणालाही आलं. घोगरं, नाकातलं, शेवटी तुटलेलं. पाण्याचा वास बदलला होता आणि मागं तिवरांत कसलासा चुळूकचुळूक आवाज सुरू झाला होता. मी पाय उचलले.

गावाच्या रस्त्याला लागल्यावर बाईंनी पोरं मोजली. सगळी होती. टाळ्या पडल्या. मग एक मुलगी म्हणाली, "भाऊ कुठायत?" आणि शेवटची चार-पाच पोरं, जी मघापर्यंत एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होती, ती एकदम गप्प झाली.

बाईंनी क्षणभरही घालवला नाही. रस्त्यावर वाट बघत थांबलेल्या पालकांना एकमेकांचे हात धरून उभं केलं, एकही पोर बांधाकडं पळू दिलं नाही, आणि स्वतः धावत जाऊन गावची होडी काढायला लावली. मीही चढलो. बांध दिसतच नव्हता. खचल्या जागी भाऊ छातीभर पाण्यात उभा होता. पाय दगडांत अडकलेला. चपला मात्र हातात, डोक्याच्या वर धरलेल्या. आम्ही पाण्यात उतरून त्याला सोडवला. 

नंतर तो अंथरुणाला लागला. मी रोज बसायला जायचो. एकदा बाईही आल्या होत्या तेव्हा त्यानंच विषय काढला.

"पहिल्या हाकंला मीच ओ दिली," तो म्हणाला. "मग पाय गेला. तू इचारलंस, मागं कोन, आन मी तोंड उघडायच्या आधी पुढून माझाच आवाज आला. मी हितं चिखलात, आन माझा आवाज पोरांसंगती पुढं चाललाय."

 मी म्हणालो, मग ओरडायचं नाही का, जीव तोडून.

"ओरडलो असतो तर पोरां मागं धावली असती. पानी चढत होता." मग म्हणाला, "पोरांना सांगायचा नाय. इचारलं तर सांगा, भाऊनंच ओ दिली नाय, चूक त्याची."

पावसाळ्यातच तो गेला. अंत्ययात्रेला गाव आणि सेक्टर एक झाले होते. खांदा द्यायला भांडणं झाली. ती चार-पाच पोरं सगळ्यांच्या शेवटी चालत होती, खाली मान घालून. त्या दिवसापासून कुठल्याही पोरानं भाऊचा आवाज काढला नाही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आज मी भाऊचा शब्द मोडून हे लिहितोय. ती पोरं आता बाप झालीत. त्यांनी एवढं वाचावं की म्हातारा तुमच्यावर रागावला नव्हता. तुम्ही मागं फिरू नये म्हणून तो गप्प राहिला.

पुढच्या मे महिन्यात बांधावर जायच्या आधी बाईंनी गावकऱ्यांकडून आणि सेक्टरवाल्यांकडून तो खचलेला बांध बांधून घेतला. रांगेच्या शेवटी एकटं कुणी चालायचं नाही, दोघांनी चालायचं, असं सांगितलं. आणि उत्तर बदललं. हाक आली की प्रत्येकानं आपापलं नाव सांगायचं. असं का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

मी पुढं होतो, डोक्यावर पातेलं. वळण आलं तसा ओरडलो, "मागं कोण?" नावं येत गेली, एकामागून एक, गावची, सेक्टरची. सगळ्यांत शेवटी बाईंचं आलं. आता चालायला हरकत नव्हती. पण रांग हलली नाही. तिवरांत पाणी चुळकत होतं आणि आम्ही सगळे, बाईसुद्धा, अजून एका उत्तरासाठी कान देऊन उभे होतो.