कुळांचं पुढं काय झालं

युरोपसरांना एसटी लागायची. गाडीनं कोल्हापूरची वेस ओलांडली की त्यांचा चेहरा पिवळा पडे आणि खिशातलं लिंबू नाकाशी जाई. या एका कारणापायी ते इचलकरंजीतल्या सख्ख्या बहिणीकडं भाऊबीजेलासुद्धा जात नसत, तीच बिचारी ताट घेऊन यायची. आणि हा माणूस आम्हाला बी.ए.ला मध्ययुगीन युरोप शिकवायचा! पॅरिसच्या कुठल्या बोळात खाटीक बसायचे आणि कुठल्या बोळात कातडी कमावायचे, हे अशा थाटात सांगायचा की वाटावं, आत्ताच पिशवी घेऊन जाऊन आलाय. खरं नाव कॉलेजच्या पाटीवर होतं, ते पाटीवरच राहिलं.

सरांचा जन्म शिवाजी पेठेतला, त्यामुळं त्यांचा सगळा युरोप पेठेत मावायचा. कारागिरांचे संघ शिकवायचे म्हणजे थेट तालमीत. वस्तादाला विचारल्याशिवाय कुणी मातीत उतरतं का? मग युरोपातला सुतारही त्याच्या वस्तादाला विचारल्याशिवाय रंध्याला हात लावत नव्हता, झालं. व्हेनिस आणि जिनोआ यांचं वैर त्यांनी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेच्या फुटबॉलवरून इतकं रंगवलं की एका पठ्ठ्यानं पेपरात ‘जिनोआचा गोलकीपर कच्चा होता’ असं लिहिलं. सरांनी त्याला पास केलं. वर म्हणाले, ‘‘टोप्या बदलतात रे, माणसं तीच.’’ हे त्यांचं पेटंट वाक्य. पोपपासून प्यूनपर्यंत कुणालाही लावायचे.

मी भोगावतीकाठच्या खेड्यातली. पेठेत मावशीकडं राहून शिकत होते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच आबा, म्हणजे माझे वडील, मला न्यायला आले. स्थळ आलं होतं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरी दोन म्हशी, आणखी काय पाहिजे? शिक्षण पुरे झालं, म्हणाले. ट्रंक उचलायच्या आधी मी कॉलेजात पळत जाऊन सरांना सांगितलं. रडू आवरत नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि ‘‘बघतो’’ एवढंच म्हणाले. मला मेलीला वाटलं, हे काय बघणार, डोंबल!

तर रविवारी सर आमच्या गावात हजर. लिंबाचं पार चिपाड झालेलं, तोंडाला रंग नाही. आईनं गूळपाणी दिलं. माझा जीव भांड्यात पडला. माझ्यासाठी हा माणूस एसटीत बसला होता! आता दोन शब्द बोलतील आणि आबा ऐकतील.

आबा त्यांना रान दाखवायला घेऊन गेले, मी न्याहारी घेऊन मागोमाग. सरांनी विहिरीजवळचा ऊस बघितला आणि लगेच सांगितलं, रान दमलंय. युरोपात तिसरा हिस्सा जमीन दरसाल पडीक ठेवत, तुम्हीही ठेवा. आबा बांधावरच थांबले.

‘‘पडीक? तीन पिढ्या इनामदाराच्या रानात राबल्या आमच्या. आत्ता कुठं सातबाऱ्यावर नाव लागलंय, आन् ते मोकळं सोडू व्हय?’’

‘‘म्हणजे तुम्ही कूळ होता?’’ सरांचे डोळे लकाकले, आणि मी ओळखलं, संपलं. गाडी लागलेला माणूस असा टवटवीत झाला की बघत राहावं. तिकडची कुळं जमिनीला कशी बांधलेली, आठवड्यातले किती दिवस सरदाराच्या शेतात फुकट राबायची, गिरणीत दळायचं तरी सरदाराच्याच, आणि पोरीचं लग्न ठरवायचं तरी सरदाराला विचारून.

‘‘पोरीच्या लग्नाला त्येची परवानगी?’’ आबा तापले.

बाई गं! यापेक्षा चांगली संधी कुठली? मी मुद्दाम खोकले. न्याहारीची पितळी आपटली. सरांनी माझ्याकडं बघून हसून मान हलवली आणि प्लेगवर गेले. प्लेगानं गावंच्या गावं ओस पडली, राबणारे हात कमी झाले, मग उरलेल्या कुळांनी मान वर केली, रोजगार वाढवून मागितला, काही रातोरात शहरात पळाली. आबा मांडी ठोकून बसले. जेवणात तांबडा रस्सा झाला, वर पुन्हा प्लेग झाला, तेवढ्यात शेवटच्या गाडीचा हॉर्न वाजला. सर धोतर सावरत पळाले. माझ्या शिक्षणाबद्दल एक चकार शब्द नाही! मी गोठ्यात जाऊन मनसोक्त रडले आणि सरांना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या दिल्या.

संध्याकाळी जेवताना आबांचा घास हातातच थांबला.

‘‘सुले, त्या कुळांचं पुढं काय झालं गं? जमीन मिळाली काय त्यास्नी?’’

देवाशप्पथ, मला माहीत नव्हतं. म्हटलं, ‘‘ते दिवाळीनंतर शिकवणार आहेत.’’

आबा बराच वेळ भाकरी चावत राहिले. मग आईला म्हणाले, स्थळाच्या पावण्यांना सांग, जरा थांबा म्हणावं.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी ओशाळले आणि मग चष्मा घसरेपर्यंत हसले. तिथून पुढं मात्र त्यांनी असा डाव टाकला की ज्याचं नाव ते. आबा गुळाच्या बाजाराला आले की सरांच्या घरी डोकवायचे. सर चहा पाजायचे, थोडं सांगायचे आणि ऐन मोक्याला थांबायचे. सरदार अजून ऐकत नाहीत, आबा. राजानं रोजगार गोठवलाय, आबा. कुळं कोयते घेऊन निघालीत, बघू या. आबा चडफडत गावी परतायचे आणि माझं कॉलेज आणखी एक सत्र लांबायचं. कारखान्यातल्या मुलानं कंटाळून दुसरीकडं लग्न केलं. असं करत त्या कुळांच्या जिवावर मी बी.ए. झाले.

निकालाच्या दिवशी आबा मला आणि पेढे घेऊन सरांकडं गेले आणि अडूनच बसले, आज शेवट पाहिजे. सर म्हणाले, ‘‘आता हिला विचारा. मला जेवढं येतं तेवढं हिला येतंय.’’

मी बांधावर बसून आबांना शेवट सांगितला. काही ठिकाणी कुळं मोकळी झाली. काही ठिकाणी सरदारांनी रानाला कुंपणं घालून मेंढरं सोडली आणि माणसं हाकलली. काही मुलखात तर फास आणखी आवळला.

‘‘म्हंजे समद्यास्नी न्हाय मिळाली.’’

‘‘नाही.’’

‘‘आम्हास्नी मिळाली,’’ आबा म्हणाले आणि उसाचं पाणी बदलायला उठले.

पुढं मी हायस्कुलात इतिहास शिकवायला लागले. सर गेले तेव्हा आबा थकले होते, तरी पहिली गाडी पकडून आले. सरांच्या खुर्चीसमोर नेहमीच्या जागी थोडा वेळ बसले आणि परतले.

त्या साली त्यांनी विहिरीजवळचं रान पेरलं नाही. आई करवादली, भावकी हसली, म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाली. मी गेले तेव्हा सगळीकडं हिरवं आणि मधे तेवढाच तुकडा मोकळा, त्यात टिटव्या फिरत होत्या. आबा बांधावर बसून बघत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले,

‘‘सरांचं ऐकायचं राहून गेलतं.’’