कौलाची पाकळी

नोकरी अचानक गेली आणि आम्ही नवराबायको कोकणात गावी परतलो. इथेच राहायचं का, म्हणून हिने देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार. वर पंखा फिरत होता. हिने डोळे मिटले. मी गुरवाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. डाव्या पाकळीला त्याने पाणी जरा जास्तच लावलं होतं. एकदा फटका बसला की माणूस देवाच्याही हातांवर नजर ठेवतो.

उजवी पडली.

"पंख्याने पाडली," बाहेर येताना मी म्हणालो.

"असेल. आणि तुमची नोकरी कुठल्या पंख्याने पाडली?"

मी वळून पाहिलं. पंखा थांबलेला होता. वीज कधी गेली, ते मात्र मी पाहिलं नव्हतं.